नोटेतला खंड्या, काठावरचा राघू

एक मोर काढा. समोर कागद नसेल तर मनातल्या मनात काढा. मानेला एक बाक, डोक्यावर टिकल्या लावलेला तुरा, मागे पंख्यासारखा पिसारा आणि त्यात बदामी डोळे. अर्ध्या मिनिटात झालासुद्धा असेल. आता सांगा, मोराचे पाय कसे असतात? पिसारा मिटून चालताना तो शेपटाचं ओझं कसं सांभाळतो? मोर काढता येतो, पण मोराबद्दल काही सांगता येत नाही, अशी आपल्यापैकी बहुतेकांची गत आहे. आपण मोर पाहून मोर काढत नाही. आधी कुणीतरी काढलेला मोर पाहून काढतो, आणि त्यानेही बहुधा तेच केलेलं असतं.

परदेशातल्या मराठी मंडळांची पत्रकं, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, मराठी शाळेच्या वह्या, सगळीकडे तुम्हाला हा मोर भेटतो. हल्ली तो संगणकावर काढलेला असतो. सपाट रंग, गुळगुळीत कडा, एका टिचकीसरशी उतरवून घेता येणारा. आता तर यंत्राला दोन वाक्यं लिहून दिली की ते चार मोर पुढ्यात ठेवतं आणि "आणखी हवेत का?" म्हणून विचारतं. हे मोर दिसायला वाईट नसतात. फक्त ते लक्षात राहत नाहीत.

पक्ष्याचं शैलीबद्ध चित्र, विशेषतः संगणकावर केलेलं, कशामुळे जिवंत होतं आणि कशामुळे नुसती सजावट होऊन बसतं, हे मला तुमच्यासोबत तपासून पाहायचं आहे. उदाहरणं मुख्यतः नेदरलँड्सची घेते. या देशाने एके काळी आपल्या पक्ष्यांना चक्क पैशांवर बसवलं होतं, आणि त्यातले काही पक्षी संगणकाच्या पडद्यावर घडले होते. लाखो लोकांच्या खिशात राहिलेली शैलीबद्ध पक्षिचित्रं दुसरीकडे सहज सापडणार नाहीत.

सुरुवात 1981 पासून करू. त्या वर्षी 100 गुल्डनची नवी नोट चलनात आली. त्याआधीच्या मालिकेत माणसं होती: कवी फोंडेल, चित्रकार फ्रान्स हाल्स, तत्त्वज्ञ स्पिनोझा. नव्या नोटेवर मात्र एक पक्षी आला. डच भाषेत स्निप, आपल्याकडचा पाणलावा. आरेखक होते ओटये ऑक्सेनार (1929–2017). पाठोपाठ 1982 मध्ये त्यांची 50 ची सूर्यफुलाची नोट आली आणि 1986 मध्ये 250 ची दीपगृहाची. गृहस्थ खट्याळ होते. स्पिनोझाच्या केसांत त्यांनी स्वतःच्या बोटाचा ठसा लपवला होता, आणि दीपगृहाच्या नोटेच्या जलचिन्हात एक ससा.

पाणलावा निवडण्यात मला फार मोठी समज दिसते. हा पक्षी तुम्ही पाहिला असेल तर आठवेल, किंवा पाहूनही दिसला नसेल. दलदलीच्या कडेला, सुकलेल्या गवतात तो बसलेला असतो. अंगभर तपकिरी, पिवळट, काळे पट्टे असल्यामुळे गवत कुठे संपतं आणि पक्षी कुठे सुरू होतो ते कळत नाही. ओळख पटते ती लांबलचक सरळ चोचीमुळे. आता नोटेकडे या. नोटेवर बारीक रेघांचं दाट जाळं असावंच लागतं, कारण अशा रेघांची नक्कल करणं अवघड. म्हणजे कागदाला रेघा हव्यात आणि पाणलाव्याचं अंगच रेघांचं. ऑक्सेनार यांच्या तपकिरी नोटेवर पक्ष्याचं चित्र आणि नोटेची गरज एकमेकांत विरघळून जातात, आणि चोच तेवढी स्पष्ट राहते. पक्ष्याच्या बाबतीत शेतात जे होतं तेच नोटेवर होतं.

हे चित्र लोकांपर्यंत पोचलं का? त्याचा पुरावा भाषेत आहे. शंभर गुल्डनला लोक 'स्निप' म्हणू लागले. चित्र ओळखलं गेलं, आवडलं आणि जिभेवर बसलं. समीक्षकाचा कुठलाही अभिप्राय याच्यापुढे फिका आहे.

यानंतरची मालिका याप द्रुपस्टेन यांची. हे मूळचे दूरचित्रवाणीसाठी काम करणारे आरेखक, हलत्या आकारांची आणि उजेडाच्या रंगांची सवय असलेले. त्यांनी या नोटा संगणकावर रचल्या. 25 ची नोट 1990 मध्ये आली, तिचा पक्षी तांबड्या छातीचा रॉबिन. 100 ची 1993 मध्ये, तिचा पक्षी आपल्या पिंगळ्याचा युरोपीय चुलत भाऊ. 1000 ची 1996 मध्ये, तिच्यावर टिटवीच्या कुळातला कीविट. आणि 10 ची 1997 मध्ये, तिचा पक्षी खंड्या. हा खंड्या तर आपल्याकडे ओढ्याकाठी दिसणाऱ्या छोट्या निळ्या खंड्याच्याच जातीचा, परका नव्हे.

या नोटा हातात घेतल्यावर पहिला प्रश्न पडतो, की पक्षी आहे कुठे? नोटेचा दर्शनी भाग म्हणजे आकडे, चाप, वर्तुळं, एकमेकांवर चढलेले रेघांचे थर आणि एका रंगातून दुसऱ्या रंगात सरकणाऱ्या छटा. पक्षी तिथे नाही. नोट उजेडासमोर धरा, मग तो जलचिन्हात उमटतो. जलचिन्ह शाईचं नसतं, कागदाच्याच जाडीतल्या फरकाचं असतं. म्हणजे द्रुपस्टेन यांनी पक्ष्याचे दोन भाग केले. त्याचा रंग नोटेच्या पृष्ठभागावर पसरला आणि त्याचा आकार कागदाच्या पोटात ठेवला. त्या काळात रंगीत छायाप्रती काढणारी यंत्रं चांगली होत चालली होती. सरकत्या छटा आणि थरांवर थर हा त्यांच्याविरुद्धचा बंदोबस्तही होता.

ही कल्पना धाडसी आहे यात वाद नाही. पण ती चारही पक्ष्यांना सारखी मानवते का? इथे मला दोन गट करावेसे वाटतात.

खंड्याच्या नोटेत ती पूर्ण साधते. खंड्या प्रत्यक्षात कसा दिसतो ते आठवा. आधी पाण्यावरून एक निळी रेघ सर्रकन जाते. "अरे, खंड्या!" असं आपण म्हणेपर्यंत तो पलीकडच्या फांदीवर असतो, आणि मग नीट पाहिलं तर पक्षी दिसतो. शिवाय त्याच्या पिसांतला निळा हा निळ्या रंगद्रव्याचा नसतोच. पिसांच्या सूक्ष्म रचनेतून उजेड विखुरतो आणि निळा दिसतो, म्हणून कोन बदलला की छटा बदलते. निळ्या-जांभळ्या छटा सरकवत ठेवणारी नोट, आणि उजेडासमोर धरल्यावरच दिसणारा पक्षी. खंड्याबद्दल याहून खरं काय सांगणार? रॉबिनची तांबडी नोटही याच न्यायाने उभी राहते, कारण रॉबिनला डच माणूस ओळखतो तो छातीच्या रंगावरून. त्याचं डच नावच 'तांबड्या छातीचा' असं आहे.

पिंगळ्याचं तसं नाही. पिंगळ्याची ओळख रंगात नसून नजरेत असते. गोल डोकं, वर चढलेल्या पांढऱ्या भुवया, आणि आपल्याकडे रोखून पाहणारे पिवळे डोळे. हे सगळं आकाराचं काम. ते पृष्ठभागावरून काढून घेतलं की मागे उरतो करडा-तपकिरी रंग, जो कुणाचाही असू शकतो. कीविटची ओळखही डोक्यावरचा लांब वळलेला तुरा आणि हवेतल्या कोलांट्या यांत आहे. 1000 च्या हिरव्या-करड्या नोटेच्या दर्शनी नक्षीत त्यांना जागा नाही. जलचिन्हात हे पक्षी आहेत, पण दुकानात सुटे पैसे मोजताना किती जण नोट उजेडासमोर धरतात?

इथेही भाषा साक्षीला येते. 25 च्या नोटेला डच लोक पूर्वीपासून 'खेलत्ये', म्हणजे 'पिवळुली' म्हणत, कारण एकोणिसाव्या शतकातली नोट पिवळी होती. नवी नोट लालभडक झाली, तिच्यात रॉबिन आला, तरी पिवळुली हे नाव सुटलं नाही. स्निप जिभेवर बसला, रॉबिनला तो मान मिळाला नाही. द्रुपस्टेन यांच्या नोटा अधिक आधुनिक आहेत आणि छपाईच्या दृष्टीने अधिक हुशार आहेत. चित्रकार मंडळी त्यांच्यावर जीव टाकतात ते योग्यच आहे. पण पक्ष्याचं चित्र म्हणून चारांपैकी दोनच पूर्ण उतरल्या, असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असू शकेल. घरातल्या एखाद्या जुन्या पुस्तकात यातली नोट दडलेली सापडलीच, तर बदलून देण्याआधी खिडकीपाशी नेऊन पाहा. नेदरलँड्सची मध्यवर्ती बँक ती 1 जानेवारी 2032 पर्यंत बदलून देते, तेव्हा घाई नाही.

आतापर्यंत जे पाहिलं त्यातून एक कसोटी हाती लागते. शैलीबद्ध पक्ष्यावर दोन देणी असतात. एक देणं त्या पक्ष्याचं: त्याची कुठली गोष्ट ठेवली आणि ती खरी आहे का. दुसरं माध्यमाचं: कागद, धागा, लाकूड किंवा पडदा यांचा स्वभाव त्या चित्राने मानला का. पाणलाव्याने दोन्ही देणी फेडली. पिंगळ्याच्या नोटेने माध्यमाचं पूर्ण फेडलं आणि पक्ष्याचं अर्धं ठेवलं. मंडळाच्या पत्रकावरचा मोर दोन्हीकडे हात वर करतो.

फक्त माध्यमाचं देणं फेडूनही मोठं काम होऊ शकतं का? होऊ शकतं, आणि त्याचंही उदाहरण डचच आहे. मॉरिट्स एशर यांचं 1938 मधलं 'दिवस आणि रात्र' हे लाकडी ठोकळ्यांवरून छापलेलं चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेल. द हेगमधल्या एशर संग्रहालयात त्यांचं काम सलग पाहायला मिळतं. खाली डच शेतांचे चौकोन आहेत. नजर वर न्यावी तसे ते चौकोन पक्षी होत जातात. पांढरे पक्षी उजवीकडे रात्रीत उडतात, काळे डावीकडे दिवसात. दोन पांढऱ्या पक्ष्यांमधली मोकळी जागा म्हणजेच काळा पक्षी. हे पक्षी कुठल्या जातीचे, असं विचारलं तर उत्तर नाही. तरी ते मेलेले वाटत नाहीत, कारण त्यांची एकही रेघ मोकाट नाही. एका पक्ष्याच्या पोटाची कड हीच शेजारच्याच्या पाठीची कड. एक वळण बदललं तर सगळं आकाश बदलावं लागेल. संगणकावर असं चित्र आज सहज जमवता येतं. पण एशर यांनी स्वतःवर घालून घेतलेला नियम संगणक आपण होऊन आपल्यावर घालत नाही. तो आपल्यालाच घालून घ्यावा लागतो.

चौकटीत पक्षी बसवण्याची ही विद्या आपल्याला नवी नाही. आईची किंवा आजीची पैठणी कपाटातून काढा आणि काठाकडे डोळे जवळ नेऊन पाहा. मुनिया नावाच्या नक्षीत हिरवे पोपट असतात, लाल चोचीचे. नाव मुनियाचं, रूप राघूचं. येवल्याचा किंवा पैठणचा विणकर हातमागावर उभे धागे मोजतो आणि रंगीत रेशमाच्या छोट्या कांड्या त्यांतून फिरवतो. इतके धागे हिरवे, इतके लाल, मग पुन्हा जरीचे. तिथे तिरकी रेघ मुळात काढताच येत नाही. ती पायऱ्यापायऱ्यांनीच चढते. राघूची पाठ जवळून पायऱ्यांची दिसते आणि हातभर अंतरावरून गोल. आज पडद्यावरच्या चौकोनी ठिपक्यांचं चित्र जे करतं, तेच इथे रेशमात झालेलं आहे. आणि पक्ष्याचं देणं? हिरवं अंग आणि लाल बाकदार चोच, एवढ्या दोनच गोष्टी ठेवल्या. चिमुरडं पोरही "पोपट!" म्हणतं.

आता हाच राघू ॲम्स्टरडॅममध्ये बघा. फोंडेलपार्कमध्ये संध्याकाळी जा. डोक्यावरून किर्र ओरडत हिरवे थवे जातात. द हेगमध्येही आहेत. गळ्यात कंठ असलेला आपलाच पोपट, पिंजऱ्यातून आणलेल्या आणि सुटलेल्या पूर्वजांची इथे वाढलेली प्रजा. बर्फात, पानगळ झालेल्या झाडावर बसलेला हा राघू पैठणीच्या काठावरच्या राघूपेक्षा वेगळा दिसतो. हिरवळीत तो लपतो, इथे हिवाळ्यात तो झाडावरची एकमेव हिरवी गोष्ट असतो. आपल्या मुलांनी हाच राघू पाहिलेला आहे. त्याला काढताना काठावरच्या नक्षीची नक्कल केली तर त्यांनी पाहिलेलं त्यात येणार नाही. काळ्या फांद्यांच्या जाळीत हिरवा ठिपका कुठे ठेवायचा, हा त्या चित्राचा खरा प्रश्न आहे. तो प्रश्न येवल्याच्या विणकराला कधी पडला नव्हता.

संगणकावर काढताना एक अडचण आणखी येते, ती वळणांची. चित्रकलेच्या प्रणालींत वक्र रेघ दोन टोकं आणि काही नियंत्रक बिंदू यांवर चालते. हे गणित साधारण 1960 च्या सुमारास फ्रेंच मोटार कारखान्यांत घडलं. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेलजो आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी ते गाड्यांच्या पत्र्यांसाठी बसवलं. म्हणून ती रेघ उपजतच गाडीच्या बॉनेटसारखी गुळगुळीत येते. सपाट चित्रांतल्या सगळ्या पक्ष्यांच्या माना एकसारख्या का दिसतात, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे. रेघ यंत्राने सुचवली आणि आपण "छान" म्हणून पुढे गेलो.

यावर उतारा पाहायचा तर उट्रेख्टला जा. ससुल्या नाइन्त्येचे जनक डिक ब्रुना (1927–2017) यांची कामाची खोली तिथल्या सेंट्राल म्युझियममध्ये जशीच्या तशी मांडून ठेवली आहे. ब्रुना कुंचल्याने आणि काळ्या पोस्टर रंगाने रेघ ओढत, पण अतिशय सावकाश. ती रेघ पारदर्शक फिल्मवर उतरवली जाई आणि तिच्याखाली रंगीत कागद सरकवून रंग ठरत. रंगही मोजकेच. थर, मोजके रंग, सपाट पृष्ठभाग. पद्धत आजच्या संगणकाचीच, फक्त संगणक नाही. मात्र ब्रुना यांच्या रेघेला भिंग लावा. कड किंचित थरथरते. लांबून ती साधी, स्वच्छ दिसते. जवळून कळतं की इथून एक हात सावकाश गेला आहे. थोडक्यात काढणं म्हणजे भराभर काढणं नव्हे, हे मला त्या रेघेइतकं कुठेच पटलेलं नाही.

युरोच्या नोटांवर पूल आणि कमानी आहेत, त्याही मुद्दाम कुठल्याच खऱ्या जागेच्या नसलेल्या. पुढच्या मालिकेसाठी युरोपीय मध्यवर्ती बँकेने 2023 मध्ये दोन विषय निवडले. त्यातला एक 'नद्या आणि पक्षी'. त्या विषयात 10 युरोसाठी ठरवलेला पक्षी आहे खंड्या. दहा गुल्डनवरचा खंड्या दहा युरोच्या उमेदवारीत येणं हा गमतीचा योग. त्याला कसं काढायचं हे ठरवणाऱ्यांनी द्रुपस्टेन यांची नोट एकदा उजेडासमोर धरून पाहावी, एवढंच मी म्हणेन.

आपण आपल्यापुरतं काय करावं? मला वाटतं, आपल्याकडे चित्रांच्या आधी नावं तयार आहेत. आपल्या पूर्वजांनी पक्ष्यांना नावं देताना तेच काम केलं जे चित्रकार करतो. सगळ्या पक्ष्यातून एकच गोष्ट उचलली. टिटवीचा आवाज उचलला, तसाच डचांनी कीविटचा उचलला. इथल्या प्रत्येक कालव्यात फिरणारा तो काळा पाणपक्षी, कपाळावर पांढरीशुभ्र ढाल असलेला, त्याचं मराठी नाव ठाऊक आहे? वारकरी. कपाळाचा तो टिळा पाहिल्यावर नाव पटायला वेळ लागत नाही. महाराष्ट्रातल्या तलावांवर दिसतो तोच पक्षी, तीच जात. इथे तो कालव्यात काटक्यांबरोबर प्लास्टिकचे तुकडे वेचून घरटं बांधतो आणि शेजारच्या बदकांशी भांडतो.

पुढच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाची चर्चा निघाली की मंडळात हा वारकरी सुचवून बघा. काढायलाही अवघड नाही. एक काळा आकार, एक पांढरा टिळा, पाण्याची एक रेघ. पण आधी अर्धा तास कालव्याकाठी बसायला हवं. टिळा चोचीला नेमका कुठे मिळतो, पोहताना मान किती पुढे-मागे होते, पाण्याबाहेर आल्यावर ते भलेमोठे झालरीचे पाय कसे दिसतात, हे पाहून घ्या. मुलांना सोबत न्या. ते पाय तुमच्याआधी त्यांच्याच लक्षात येतील.